ड्यून इम्पेरियम मोबाईलवर पहिल्यांदा खेळताय? कोणती पानं पाठवायची, कोणती ठेवायची ते आधी समजून घ्या

मागच्या हिवाळ्यात आमच्या फिडरला रात्रीची लाईट होती. हरभऱ्याला ओलीत सुरू, दर तीन तासांनी स्प्रिंकलरचे पाईप बदलायचे, आणि मधल्या वेळात मोटरच्या खोलीत बसून राहायचं कारण झोप लागली की संपली गोष्ट, पाणी एकाच जागी. त्या वेळेत मी ड्यून इम्पेरियम हा गेम मोबाईलवर घेतला आणि कॉम्प्युटरसोबत खेळताना सलग नऊ डाव हरलो. एकदाही जवळपास पोचलो नाही. मग मी शाळेची शंभर पानी वही घेतली आणि प्रत्येक डावानंतर काय चुकलं ते लिहायला लागलो. आता गावातले दोन पोट्टे आणि अमरावतीला शिकायला असलेला माझा मामेभाऊ हाच गेम खेळून राहिले, तेच प्रश्न तेच विचारतात, म्हणून वहीतलं सगळं नीट मांडून देतो. नऊ डाव तुम्ही हरू नका, चार-पाचात समजून जाईल.

गेम काय आहे ते थोडक्यात. अराकिस नावाचा वाळवंटी ग्रह, तिथं स्पाइस नावाचा मोलाचा पदार्थ निघते, आणि त्याच्यावरून मोठमोठ्या घराण्यांचं राजकारण चालते. तुम्ही एका घराण्याचे नेते. तुमच्याकडे पत्त्यांचा (मी त्यांना पानं म्हणतो) एक गठ्ठा म्हणजे डेक असतो, तो तुम्ही खेळता खेळता विकत घेऊन घेऊन वाढवता आणि सुधारता. आणि बोर्डवर तुमचे एजंट असतात, म्हणजे आपल्या भाषेत कार्यकर्ते, ते कामाला वेगवेगळ्या जागी पाठवायचे. मूळचा हा टेबलावर खेळायचा बोर्डगेम, 2020 साली आला, पॉल डेननने डिझाईन केलेला, डायर वुल्फ कंपनीचा. मोबाईल आणि कॉम्प्युटरवरचा गेम त्याच नियमांचा आहे. मी इथे फक्त मूळ गेमबद्दल लिहितो. राईज ऑफ इक्स नावाचं एक्सपान्शन, म्हणजे वरून घ्यायची पुरवणी, पण आहे, पण ते पहिल्या महिन्यात घेऊ नका, डोकं गरगरते.

1. बसायच्या आधी काय काय लागते

- अँड्रॉईड फोन किंवा आयफोन, नाहीतर कॉम्प्युटर असेल तर स्टीमवर, म्हणजे गेम विकायच्या ऑनलाईन दुकानावर. फोनचा स्क्रीन जितका मोठा तितकं बरं, पानावरची चिन्हं बारीक असतात.
- गेम विकतचा आहे, फुकटचा नाही. प्ले स्टोअरवर यूपीआयनं पैसे भरता येतात, स्टीमवर पण येतात. स्टीमवर घेतला आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर 14 दिवसांच्या आत रिफंड मागता येतो, हे लक्षात असू द्या.
- डाउनलोड गावात रेंजवर करू नका. मी तालुक्याला गेलो होतो तेव्हा ओळखीच्याच्या दुकानात वायफायवर केला.
- एक वही आणि पेन. हे मी मनापासून सांगतो. गेम इंग्रजीत आहे, पण पानांवर जास्त काम चिन्हांचं असते. पहिल्या दिवशी वहीच्या एका पानावर चिन्हं काढा आणि समोर आपल्या भाषेत अर्थ लिहा. माझ्या वहीत हिरव्या चिन्हासमोर लिहून आहे "राजधानीतली कामं", पिवळ्यासमोर "वाळवंट आणि व्यापार", निळ्या-जांभळ्यासमोर "शहरं". इंग्रजी कच्चं असलं तरी दोन दिवसात पानं वाचता येतात.
- गेममध्ये शिकवणीचा भाग आहे, ट्युटोरियल. तो सोडू नका. मी सोडला होता आणि पहिले तीन डाव तर मला माझी पाळी संपली कधी तेच समजत नव्हतं.

2. जिंकायचं कशानं, ते पाठ करून टाका

10 पॉईंट. कोणीही 10 ला पोचला की तो राउंड पूर्ण खेळतात आणि मग ज्याचे जास्त तो जिंकतो. म्हणजे 10 झाले की लगेच जिंकलो असं नाही, त्याच राउंडात दुसरा 11 वर जाऊ शकते.

आणि दुसरी गोष्ट, जी कोणी सांगत नाही. लढाईच्या पानांचा वेगळा गठ्ठा 10 पानांचा असतो, त्या पानावर त्या राउंडच्या लढाईचं बक्षीस असते. पहिलं छोटं, मग पाच मधली, मग चार मोठी. दर राउंडला एक पान उघडते. म्हणजे जास्तीत जास्त 10 राउंड, त्याच्यापुढे गेम नाही. बरेच डाव तर 7-8 राउंडातच संपतात. नवीन माणूस काय करते, पहिले पाच राउंड फक्त जमा करत बसते, पैसा जमा कर, स्पाइस जमा कर, पुढे कामी येईल. तेवढ्यात समोरचा 6 पॉईंटवर असते.

माझे काका एकदा ग्रामपंचायतीत निवडून आले होते. त्यांना मी हा गेम दाखवून राहिलो होतो तर ते स्क्रीनकडे पाहून म्हणाले, "एवढा पैसा जमवून का करतं गा? शेवटच्या दिवशी कोणी वयखत नाही, वयख आधी लावा लागते." वयख म्हणजे ओळख. तेच. शेवटच्या राउंडला हातात उरलेले 9 सोलारी (गेममधला पैसा) म्हणजे तुम्ही न केलेली कामं आहेत.

3. एका पानाचे दोन भाग, आणि सगळा गेम इथंच आहे

हा भाग सावकाश वाचा.

दर राउंडला हातात 5 पानं येतात. प्रत्येक पान तुम्ही दोनपैकी एकाच कामाला वापरू शकता. एक, पान टाकून एजंटला बोर्डवर पाठवायचं. त्यासाठी पानाच्या डाव्या बाजूला जे चिन्ह असते ते आणि जागेचं चिन्ह जुळलं पाहिजे. दोन, पान हातात ठेवायचं आणि शेवटी बाकीच्यांसोबत उघडून दाखवायचं, त्याला रिव्हील म्हणतात. रिव्हील केल्यावर पानाच्या खालच्या पट्टीत जे लिहिलं असते ते भेटते, बहुतेक पर्सुएशन, म्हणजे नवीन पानं घ्यायची ताकद, नाहीतर लढाईसाठी तलवार.

सुरुवातीला एजंट 2. म्हणजे पाचातली दोन पानं जातील, तीन राहतील. कोणती दोन आणि कोणती तीन, हाच प्रश्न दर राउंडला सोडवायचा असतो आणि बाकी सगळं ह्याच्यावर उभं आहे. मी पहिल्या नऊ डावात काय करत होतो, तर आधी बोर्डकडे पाहून मस्त जागा निवडायचो आणि मग हातातलं जे पान जुळते ते फेकायचो. उलटं करा. आधी पाची पानं पहा, कोणत्या पानाची खालची पट्टी चांगली आहे ते बाजूला ठेवा, आणि जे पान रिव्हीलमध्ये कमी कामाचं आहे त्याच्या चिन्हाने कुठे जाता येते ते पहा.

फसायच्या जागा दोन. पहिली, काही पानांवर चिन्हच नसते, ती पाठवता येतच नाहीत. हातात अशी तीन-चार पानं आली तर तुमचा एक एजंट रिकामा बसतो. दुसरी, रिव्हीलचं बटण दाबलं की त्या राउंडला परत एजंट पाठवता येत नाही. घाईत दाबू नका. राहिलेलं पर्सुएशन पुढच्या राउंडला जात नाही आणि राहिलेली पानं पण टाकलेल्या ढिगात जातात.

4. सुरुवातीची दहा पानं ओळखून घ्या

सगळ्यांचा डेक सारखाच सुरू होतो, 10 पानं. पहिल्या दोन राउंडात पाच-पाच करून दहाही तुम्हाला दिसतात, म्हणून पहिल्या राउंडला जे आलं नाही ते दुसऱ्याला येणारच. हा हिशोब लावूनच पहिली चाल करा.

कन्व्हिन्सिंग आर्ग्युमेंट दोन आहेत. चिन्ह नाही, फक्त रिव्हीलला 2 पर्सुएशन. ती नेहमी ठेवायचीच.
डॅगर दोन. हिरवं चिन्ह, रिव्हीलला एक तलवार. लढाईत नसाल तर हे पाठवायचं पान आहे.
ड्यून द डेझर्ट प्लॅनेट दोन, पिवळं चिन्ह, वाळवंटात जायला.
रेकॉनिसन्स शहरात जायला.
डिप्लोमसी आणि सीक अलाईज ही दोन्ही चारही गटांकडे (एम्परर, स्पेसिंग गिल्ड, बेने गेसेरिट, फ्रेमेन, सातव्या भागात सांगतो) जाऊ शकतात. पण सीक अलाईज पाठवलं की ते पान डेकमधून कायमचं जाते. जाऊ द्या, वाईट नाही वाटून घ्यायचं, डेक एक पानाने हलका झाला.
आणि सिग्नेट रिंग, तुमच्या नेत्याची खास चाल ह्याच्यावर असते. नवीन असाल तर पॉल अट्रायडीस घ्या. त्याच्या अंगठीने एक पान जास्त भेटते आणि डेकमधलं वरचं पान तो कधीही पाहू शकते. सोपा आहे, आणि पुढचं पान पाहून खेळायची सवय लागते.

5. पहिला मोठा खर्च: हाय काउन्सिल की स्वोर्डमास्टर

हा वाद आमच्यात अजून संपला नाही. हाय काउन्सिलची खुर्ची 5 सोलारीला. एकदा घेतली की दर राउंडला रिव्हीलच्या वेळी 2 पर्सुएशन जास्त, गेम संपेपर्यंत. स्वोर्डमास्टर 8 सोलारीला, त्याने तिसरा एजंट कायमचा भेटते.

मामेभाऊ म्हणते आधी स्वोर्डमास्टर, कारण तीन कामं म्हणजे तीन कामं. ऐकायला बरोबर वाटते. पण वरचा हिशोब परत लावा: पाच पानं, तीन एजंट, म्हणजे तीन पानं गेली आणि रिव्हीलला दोनच राहिली. तिसऱ्या एजंटची किंमत फक्त 8 सोलारी नाही, दर राउंडला एक पान पण आहे. त्यामुळे जो आधी स्वोर्डमास्टर घेते आणि डेककडे लक्ष देत नाही त्याला पुढे चांगली पानं घेताच येत नाहीत. उलट काउन्सिल तिसऱ्या राउंडला घेतली आणि गेम दहाव्यापर्यंत गेला तर आठ राउंडात मिळून 16 पर्सुएशन होते.

माझं मत: पहिले तीन-चार डाव आधी काउन्सिल घ्या, मग चौथ्या-पाचव्या राउंडच्या आसपास स्वोर्डमास्टर. हात बसला की उलटं करून पहा. आणि सहाव्या राउंडनंतर स्वोर्डमास्टरसाठी पैसे जमा करू नका, तेवढ्या उशिरा त्याचा वसूल होत नाही. त्याऐवजी मेंटॅट आहे, 2 सोलारीला त्या एका राउंडपुरता जास्तीचा एजंट आणि वर एक पान.

5 सोलारी पटकन कसे होतात? बोर्डवर सिक्युअर कॉन्ट्रॅक्टच्या जागेला 3 आणि एम्पररच्या वेल्थ ह्या जागेला 2. झाले पाच, आणि वेल्थला गेल्यामुळे एम्पररकडे एक ओळख पण वाढली (ओळखीचा हिशोब सातव्या भागात). एका दगडात दोन पक्षी.

6. पाणी, स्पाइस, सोलारी

आपल्या विदर्भातल्या माणसाला हा भाग समजवायची गरज नाही, पाण्याशिवाय काही पिकत नाही. सुरुवातीला तुमच्याजवळ पाणी 1. हॅगा बेसिनला 1 पाणी देऊन 2 स्पाइस, ग्रेट फ्लॅटला 2 पाणी देऊन 3 स्पाइस, इम्पिरियल बेसिनला पाणी लागत नाही पण स्पाइस एकच.

ह्या तीन जागांपैकी ज्या जागी राउंडात कोणी गेलं नाही तिथं राउंड संपल्यावर एक स्पाइस वरून पडते आणि साचत जाते. म्हणून दर राउंड सुरू होताना ह्या तीन जागांवर नजर टाकायची सवय लावा. ग्रेट फ्लॅटवर दोन-तीन साचले असले आणि तुमच्याजवळ 2 पाणी असलं तर पहिली चाल तिथलीच, कारण एका जागी एकच एजंट बसते, दुसरा गेला की तुमचं दार बंद.

स्पाइस विकायची जागा आहे सेल मेलांज. 2 स्पाइसचे 6 सोलारी, 3 चे 8, 4 चे 10, 5 चे 12. पहा, 3 विकले की बरोबर 8, म्हणजे बरोबर स्वोर्डमास्टर. पहिले दोन स्पाइस चांगल्या भावात जातात, त्याच्यापुढे प्रत्येक स्पाइसला दोनच सोलारी वाढतात. म्हणून पाच स्पाइस साचवून एकदम विकायचे हे बहुतेक वेळा नुकसानीचं, बाकीचे स्पाइस दुसऱ्या कामाला लावा. चार स्पाइस देऊन एम्पररच्या कॉन्स्पायरला गेलं तर 5 सोलारी, 2 सैनिक, एक इन्ट्रीग पान (लपवून ठेवायचं, दहाव्या भागात सांगतो) आणि एम्पररकडे ओळख, सगळं एकाच चालीत.

पाणी कुठून आणायचं तर फ्रेमेनच्या स्टिलसूट्सला 1 भेटते. फ्रेमेनकडे ओळख 2 झाली की सिएच टाबर उघडते, तिथं एक सैनिक आणि एक पाणी. माझ्या वहीत लिहून आहे, "पाणी शून्यावर ठेवून राउंड संपवायचा नाही." आठ-दहा डाव ह्या एका ओळीनं सुधारले.

7. चार गटांशी ओळख

एम्परर, स्पेसिंग गिल्ड, बेने गेसेरिट, फ्रेमेन. प्रत्येकाच्या जागेवर एजंट पाठवला की त्या गटाकडे तुमची ओळख, म्हणजे इन्फ्लुएन्स, एकाने वाढते. 2 झाली की 1 पॉईंट. 4 झाली की गटाचा बोनस आणि त्या गटाची अलायन्स, तिचा अजून 1 पॉईंट. पण अलायन्स एकाचीच असते. दुसरा तुमच्यापुढे गेला की ती त्याच्याकडे जाते आणि पॉईंट पण जातो.

नवीन माणसाने चारही गटांच्या मागे पळू नये. दोनवर जाणं चारही ठिकाणी केलं तर 4 पॉईंट होतात, पण त्याला आठ चाली लागतात, आणि सुरुवातीला दोन एजंट म्हणजे राउंडला दोनच चाली. मी दोन गट पक्के धरतो आणि तिसऱ्याकडे जमलं तर दोनपर्यंत जातो. समोरचे कोणत्या गटाकडे जाऊन राहिले ते पहिल्या दोन राउंडात दिसते, जिथं गर्दी नाही तिथं जा. तीन जण फ्रेमेनच्या मागे असतील तर तिथली अलायन्स तुमच्या हातात टिकणार नाही.

8. पानं घेताना

बाजारात म्हणजे इम्पेरियम रोमध्ये पाच पानं उघडी असतात, त्याशिवाय बाजूला अराकिस लिएझन कायम असते, 2 पर्सुएशनचं, आणि ते रिव्हीलला 2 देते. सुरुवातीला एक-दोन लिएझन घेणं चांगलं. चार घेतली तर डेकमध्ये नुसती लिएझनच येत राहतात.

घेतलेलं पान लगेच हातात येत नाही, टाकलेल्या ढिगात जाते. पहिल्या राउंडला घेतलेलं पान बहुतेक वेळा तिसऱ्या राउंडच्या आधी दिसत नाही, कारण आधी दहाही पानं संपायची असतात. पुढे डेक पंधरा-सोळा पानांचा झाला की एकदा पूर्ण फिरायला तीन राउंड जातात. आता तुम्हीच पहा, आठव्या राउंडला महागडं पान घेतलं तर ते हातात यायच्या आधीच गेम संपू शकते. म्हणून चांगली पानं पहिल्या चार राउंडात घ्यायची. आणि पान घेताना पहिले डावीकडची चिन्हं पहा, मग किंमत. ज्या पानावर दोन-तीन चिन्हं आहेत ते हातात असलं की कधी अडत नाही.

द स्पाइस मस्ट फ्लो नावाचं पान 9 पर्सुएशनचं आहे, घेतल्याबरोबर 1 पॉईंट. पण त्याला चिन्ह नाही, नंतर डेकमध्ये फिरत राहते आणि रिव्हीलला फक्त 1 स्पाइस देते. ते गेमच्या शेवटाकडे घ्यायचं.

डेक हलका करायचा असेल तर बेने गेसेरिटचं सिलेक्टिव्ह ब्रीडिंग, 2 स्पाइस देऊन एक पान कायमचं काढता आणि दोन पानं भेटतात. आमच्यातले सगळे पान काढायला घाबरतात, पैसे देऊन उलट पान कमी करायचं म्हणजे कसं. पण तुरीतलं तण काढायला पण मजुरी लागतेच ना. उत्तरार्धात डॅगर काढून टाका.

9. लढाई, आणि एका पानानं गेलेला डाव

प्रत्येक सैनिकाची ताकद 2, प्रत्येक तलवारीची 1. पण लढाईत एक तरी सैनिक पाहिजे, नुसत्या तलवारी असल्या तर ताकद शून्य. लढाई संपली की लढाईतले सैनिक गेले, जिंका की हरा. पहिल्या नंबरावर दोघांची बरोबरी झाली तर दोघांनाही दुसऱ्या नंबराचं बक्षीस. तिसऱ्या नंबराचं बक्षीस फक्त चार जण खेळत असतील तरच.

सैनिक लढाईत कधी टाकता येतात? फक्त ज्या जागेवर लढाईचं चिन्ह आहे तिथं एजंट गेला तर. त्या चालीत जे नवीन सैनिक भेटले ते सगळे, आणि छावणीतले, म्हणजे आधी जमवून ठेवलेले, जास्तीत जास्त दोन. ही "जास्तीत जास्त दोन" वाली गोष्ट मला महागात पडली.

तो डाव मला पान न पान आठवते. मी 9 पॉईंटवर, कॉम्प्युटर 8 वर, आणि लढाई दोन पॉईंटची. छावणी रिकामी. हातात कन्व्हिन्सिंग आर्ग्युमेंट दोन, लिएझन एक, ड्यून एक, डॅगर एक. काउन्सिलची खुर्ची माझ्याकडे होती, एजंट दोन. मी विचार केला लढाई जिंकून टाकू. डॅगर टाकून रॅली ट्रूप्सला गेलो, 4 सोलारी देऊन 4 सैनिक. मग ड्यून टाकून इम्पिरियल बेसिनला, तिथं लढाईचं चिन्ह आहे. आणि तिथं समजलं की रॅली ट्रूप्सवर लढाईचं चिन्ह नसल्यामुळे ते चारही सैनिक छावणीत गेले, आता त्यातले दोनच टाकता येतात. ताकद झाली 4. समोरच्याची 7. लढाई गेली आणि तो 10 वर.

रिव्हीलला माझं पर्सुएशन किती होतं? आर्ग्युमेंटचे 4, लिएझनचे 2, काउन्सिलचे 2. आठ. तेच डॅगर, तेच हिरवं चिन्ह, बाजूला हॉल ऑफ ऑरेटरी रिकामं होतं. तिथं गेलो असतो तर एक सैनिक आणि 1 पर्सुएशन. आठ आणि एक नऊ. नऊला द स्पाइस मस्ट फ्लो, त्याचा एक पॉईंट, मी पण 10. बरोबरीत तरी आलो असतो. मी फोन ठेवला, बाहेर जाऊन पाईप बदलले, आणि परत येऊन हे सगळं वहीत लिहून काढलं.

तेव्हापासून माझा नियम: लढाईत उतरायचं असेल तर सैनिक एक राउंड आधी जमवायचे, नाहीतर ज्या जागेवर सैनिक पण भेटतात आणि लढाईचं चिन्ह पण आहे तिथं जायचं. हार्डी वॉरियर्स, 1 पाणी देऊन 2 सैनिक, लगेच लढाईत. गिल्डचं हायलायनर सगळ्यात मोठं, 6 स्पाइस देऊन 5 सैनिक आणि 2 पाणी. पाचही नवीन सैनिक आणि छावणीतले दोन धरले तर 7, म्हणजे ताकद 14 एका चालीत. शेवटच्या मोठ्या चार लढायांसाठी हे राखून ठेवा. सगळ्या लढाया लढायच्या नसतात, दर दोन-तीन राउंडात एक नीट जिंकली तरी पुरते.

10. इन्ट्रीगची पानं

ही लपवून ठेवायची पानं. काही कधीही खेळता येतात, काही फक्त लढाईत, काही गेम संपल्यावर. साठवून ठेवायचा मोह होते. पण चार किंवा जास्त झाली आणि कोणी बेने गेसेरिटच्या सीक्रेट्सला गेलं तर तुमचं एक पान तो घेऊन जाते. तीनवरच थांबा, चौथं आलं की एक खेळून टाका.

11. शेवटचे दोन राउंड

कोणी 7 किंवा 8 वर पोचला की डेक सुधारणं बंद करा. आता प्रत्येक चालीला एकच प्रश्न, ह्यातून पॉईंट येते का. कोणत्या गटाकडे मी 1 वर आहे, एक चाल गेली की पॉईंट. कोणाची अलायन्स मी ओढू शकतो, माझा एक वाढते आणि त्याचा एक कमी होते, म्हणजे फरक दोनचा. 9 पर्सुएशन होते का ते एजंट पाठवायच्या आधी मोजा, नंतर नाही.

आणि उरलेलं स्पाइस उगाच उधळू नका. पॉईंट सारखे झाले तर आधी स्पाइस पाहतात, मग सोलारी, मग पाणी, मग छावणीतले सैनिक. मागच्या आठवड्यात मामेभाऊ आणि मी, दोघंही 10 वर. त्याने शेवटच्या राउंडला तीन स्पाइस विकून सोलारी करून ठेवले होते, त्याच्याजवळ 1 स्पाइस राहिलं, माझ्याजवळ 2.